म्बुयुनीत मी नंदूची आई होते

आफ्रिकेत वर्षभर राहून आले आणि सिंह पाहिला नाही, असं सांगितलं की भांडुपच्या लोकांचा चेहरा पडतो. "मग बघितलंस तरी काय तिथे?" असं आमच्या चाळीतल्या परबकाकांनी मला चक्क दरडावून विचारलं. खोटं कशाला बोलू? हत्ती नाही, सुसर नाही. जिराफ एकदा दिसला, तोही मी लॉरीत डुलक्या काढत असताना. शेजारणीने कोपर मारून जागं केलं आणि मी वळेपर्यंत नुसती शेपटी उरली होती. तेव्हा ज्यांना जनावरं बघायची असतील त्यांनी सरळ राणीच्या बागेत जावं. मी गेले होते टांझानियातल्या एका समुद्रकाठच्या गावात, सुईणींना शिकवायला. सांगण्यासारखं आहे ते तिथल्या माणसांचं, आणि त्यातही एका नावाचं.

जायच्या आधी

मी घाटकोपरला महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स. आमचे हे विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर. घरात मालवणकडच्या सासूबाई आणि आमची पाच वर्षांची वैशाली. एका सेवाभावी संस्थेला वर्षभरासाठी अनुभवी नर्स हव्या होत्या. पगार नाही, राहणं-जेवण तेवढं त्यांचं. मी अर्ज केला आणि मग घरात सांगितलं. यांनी एकच शब्द विचारला, "का?"

"तिकडे सुईणींना शिकवणारं कोणी नाही म्हणून," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. वैशूच्या आधी आम्हाला मुलगा होता, नंदू. चौदा महिन्यांचा असताना तापाने गेला. तीन दिवसांत सगळं आटपलं, आणि मी नर्स असून नुसती बघत राहिले. त्यानंतर सासूबाईंनी त्याची झबली वाटून टाकली, भिंतीवरचा फोटो उतरवून ट्रंकेच्या तळाशी घातला आणि सगळ्यांना बजावलं, "गेलल्या पोराचा नाव घेव नको कोणी. जीव अडाकता तेचो." माझ्याच भल्यासाठी सांगितलं हो त्यांनी, प्रेमाने सांगितलं. चाळीने ऐकलं. चौदा महिने जे मला 'नंदूची आई' म्हणत होते ते एका दिवसात 'सिस्टर' म्हणायला लागले. पुढे वैशू झाली आणि मी 'वैशूची आई' झाले. सहा-साडेसहा वर्षांत त्या घरात ते नाव कुणी घेतलं नाही, यांनीसुद्धा नाही. एकदा मोरीत नळ सोडून मी ते हळूच म्हणून बघितलं, तर मलाच ते उच्चारायला अवघड गेलं. त्या गप्प घरातून मला थोडे दिवस बाहेर पडायचं होतं, बस्स.

निघताना सासूबाईंनी कोकमाच्या आगळाची मोठी बाटली बांधून दिली. "थंय सिंव आसतत म्हणतत. एकटी भायर जाव नको. आणि पोटात जळजळलां की ह्या घे." वैशू सहारला विमानतळावर आलीच नाही. परबकाकूंच्या घरात कॅरम खेळत बसली आणि माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. पोटच्या पोरीला टाकून चालले म्हणून मी विमानात बसेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

म्बुयुनी

दार-एस-सलामहून दक्षिणेला लॉरीने दोन दिवस. रस्ता म्हणजे नावाला रस्ता. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर मी मालवणात होते. खोटं नाही सांगत. माडांच्या रांगा, काजू, आंब्याची जुनी झाडं, लाल माती, कुडाच्या भिंती, झावळांची छपरं आणि पलीकडे समुद्र. फक्त एक भलंमोठं गोरखचिंचेचं झाड गावाच्या तोंडाशी उभं होतं, दहा जणींनी हात धरले तरी कवेत येणार नाही असं. म्बुयुनी म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत या झाडाचं ठिकाण. आमच्या चाळीत निम्मी माणसं वर्षभर असल्या गावाच्या आठवणी काढतात आणि मे महिन्यात आठ दिवस जाऊन येतात. मी मात्र उलट्या दिशेला इतक्या लांब जाऊन तिथेच उतरले होते.

उतरले ती कशी, तेही ऐका. पहिल्याच दिवशी छाप पडावी म्हणून मी इस्त्रीची पांढरी साडी नेसले होते. शेवटच्या खड्ड्याला मांडीवरच्या पिशवीत आगळाची बाटली फुटली आणि कमरेपासून खाली सगळं लालभडक! झाडाखाली स्वागताला जमलेल्या बायकांनी मला बघितलं आणि एकच कल्ला केला. मी "कोकम, कोकम" ओरडतेय, पण ऐकतंय कोण? पन्नाशीची एक उंच, दणकट बाई पुढे आली, मला लहान मुलीसारखं काखेत धरून आत नेलं आणि चटईवर आडवं केलं. बाळंतपणं शिकवायला आलेल्या बाईलाच पहिल्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत झोपवलं. शेवटी त्या बाईने साडीला नाक लावलं, बोट चाटलं आणि इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली.

ती गावची मोठी सुईण. वर्षभर मला तिच्याबरोबरच काम करायचं होतं. हसणं ओसरल्यावर तिने मला काहीतरी विचारलं. दवाखान्यातले कंपाउंडर हमिसी यांना इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, "ही विचारते, तुला काय नावाने हाक मारायची? इथे मूल झालेल्या बाईला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. पहिल्या मुलाची आई म्हणतात. आई म्हणजे मामा. ही मामा सलुम. तुझं पहिलं मूल कोण?"

वैशू म्हणायला हवं होतं. चाळीतल्या कुणी विचारलं असतं तर मी वैशूच म्हटलं असतं. पण दोन दिवसांचा प्रवास, ती सगळी लाली, आणि त्यांनी विचारलं होतं पहिलं मूल. तोंडातून निघून गेलं, "नंदू."

"मामा नंदू," मामा सलुम म्हणाली. दारातल्या बायकांनी मागे म्हटलं, "मामा नंदू." बाहेरच्या पोरांनी गावभर नेलं.

मला वाटलं, आता रडू फुटणार. पण फुटलं नाही. मी तिथल्या तिथे चटईवर गाढ झोपले.

दिवस

काम कसं होतं म्हणाल, तर मी शिकवायला गेले आणि शिकूनच आले. नाळ कापायचं पातं उकळून घ्यायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, हे मी शिकवलं. साबणाची तिकडे इतकी टंचाई होती की माझ्या ट्रंकेतल्या वड्या आम्ही दोऱ्याने कापून वापरायचो. मामा सलुम बायकांना उकिडवं बसवून मोकळं करायची. मी घाटकोपरची, टेबलावर आडवं झोपवणारी. आमचं पहिले दोन महिने यावरून रोज वाजायचं. ती हाताने दाखवायची, पोर वरून खाली पडतं की आडवं चालत जातं? शेवटी मी टेबल भिंतीला लावलं.

दुपारी ती मला जेवायला घरी न्यायची. नारळ खवायची तिची खवणी बघितली आणि मी ओरडलेच, कारण थेट आमच्या सासूबाईंची! लाकडी बसकण, पुढे दातेरी पातं. तिकडे तिला बकरी म्हणतात. नारळाच्या दुधातला भात, नारळाच्या रसातला मासा, आंबटाला बिंबलां. आगळ तेवढं नव्हतं, ते माझ्या साडीने पिऊन टाकलं होतं. सासूबाईंना हे सगळं पत्रात कळवलं, तर यांच्या अक्षरात उत्तर आलं : 'आई विचारते, मग एवढा खर्च करून तिकडे कशाला गेलीस, गावाक जायचा होतास.' वैशूला मी लिहिलं की इथे आईला मामा म्हणतात. तिला ते फार आवडलं. 'माझ्या प्रिय मामास' असं मोठ्या अक्षरांत तिने लिहून पाठवलं. तो निळा कागद मी उशीखाली ठेवून झोपायचे. मला गावात काय नावाने हाक मारतात, ते मात्र मी घरी लिहिलं नाही.

आणि हाका तर दिवसभर. विहिरीवर, बाजारात, किनाऱ्यावर होड्या लागल्या की. तिकडची रीत अशी की बाई भेटली की आधी तिच्या माणसांची खबर विचारायची, मग कामाचं. "हबारी झा नंदू?" नंदूची काय खबर? "बरा आहे" म्हणायचं असतं. मी म्हणायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली. आठवड्याभरात अडखळेनाशी झाली.

मग त्यांनी आणखी विचारायला सुरुवात केली. केवढा आहे? मी हिशेब केला आणि म्हटलं, सातचा. शाळेत जातो? जातो, पहिलीत. काय खातो? मासे खातो, काटे मी काढून देते. दात पडलेत पुढचे, दोन. गणित येत नाही, वडलांवर गेलाय. अहो, थांबेचना! वैशूच्या खोड्या मी त्याच्या नावावर खपवल्या आणि ज्या पुरल्या नाहीत त्या नवीन रचल्या. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. चौदा महिन्यांवर थांबलेला माझा मुलगा त्या गावात दर आठवड्याला थोडा थोडा वाढत होता, आणि मी सकाळी उठून आज कोण त्याला विचारेल याची वाट बघायचे. इतकी त्याची ओढ मला तो गेला तेव्हाही लागली नसेल, कारण तेव्हा ती लागायला कुणी वावच दिला नव्हता.

टोपी

पावसाळा संपला तेव्हा मामा सलुमने टोपी शिवायला घेतली. तिकडचे पुरुष घालतात तसली, पांढऱ्या कापडाची, बारीक बारीक भोकांना टाके घालून नक्षी केलेली. एकेक टोपी पुरी व्हायला महिने लागतात. एका दुपारी ओसरीवर बसली असताना तिने सुई थांबवली आणि विचारलं, "नंदूचं डोकं केवढं?"

नुकत्या जन्मलेल्या पोराच्या डोक्याचा घेर मला झोपेत विचारा, सेंटिमीटरमध्ये सांगेन. सात वर्षांच्या माझ्या मुलाचं डोकं केवढं असेल? समोर दोन पोरं खेकड्याला काटकीने डिवचत होती. त्यातल्या एकाला मी जवळ बोलावलं आणि म्हटलं, "एवढं." तिने दोऱ्याने त्याचं माप घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. वाट लागली, म्हटलं. या बाईचे डोळे जातायत टाके घालून, आणि डोकंच नाही.

तरी बोलले नाही. रोज ती एकेक भोक भरत होती आणि मी रोज उद्या सांगू म्हणत होते. असे चार महिने गेले. निघायला पाच दिवस राहिले तेव्हा टोपी झाली. दुपारची जेवणं आटोपली होती. तिने ती धुऊन, मातीच्या गाडग्यावर बसवून कडक वाळवली होती. माझ्या हातात दिली. म्हणाली, "ईदला घाल म्हणावं. तुमची ईद नसते ना? मग तुमच्या सणाला."

इतकी सुंदर टोपी मी आयुष्यात पाहिली नाही. ती मला घेववेना. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत मी सांगून टाकलं. नंदू नाही. सात वर्षं झाली. चौदा महिन्यांचा होता. शाळा, दात, मासे, सगळं मी खोटं सांगितलं. मला माफ कर.

मी मनात म्हटलं, आता उठेल, आत जाईल, आणि मला ते सोसायलाच हवं. तिने शांतपणे विचारलं, "माझ्या घरी वर्षभर जेवतेयस. सलुमला पाहिलंस कधी?"

तिच्या चार मुली मी ओळखत होते, जावई ओळखत होते, नातवंडं मांडीवर घेतली होती. सलुम कुठे मोठ्या शहरात नोकरीला असेल, होडीवर असेल, असं मी आपलं धरून चालले होते. रोज सकाळी मी "हबारी झा सलुम?" विचारत होते आणि ती रोज "बरा आहे" म्हणत होती.

"नऊ वर्षांचा होता," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या होडीतून गेला. होडी आली, तो नाही आला. मला वाटलं, तुला हमिसीने सांगितलं असेल."

"मग अजून तुला मामा सलुम कसं म्हणतात?" मी विचारलं. प्रश्न आपला वेड्यासारखा निघून गेला.

तिलाही तो वेड्यासारखाच वाटला असावा. "मग काय म्हणतील? पहिला तोच ना?" मग तिने विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमच्याकडे बोलत नाहीत, मी सांगितलं. फोटो ट्रंकेत आहे. नाव कुणी घेत नाही. तिने "पोले" म्हटलं. तिकडे ठेच लागली तरी पोले म्हणतात आणि माणूस गेलं तरी पोले म्हणतात. नंदू गेला त्याबद्दल तिने पोले म्हटलं असेल, पण मला वाटलं ते आमच्या घराबद्दल म्हटलं.

"खरं डोकं केवढं होतं?" तिने विचारलं.

मी दोन्ही तळवे समोर धरून दाखवलं. हातांना बरोब्बर आठवत होतं. तिने माझे हात तसेच तिच्या हातांत धरून ठेवले आणि मी मोठमोठ्याने रडले, ओसरीवर, भरदुपारी, रस्त्याने जाणारे लोक बघत असताना. कुणी मला गप्प बस म्हटलं नाही.

पाच दिवसांनी लॉरी आली तेव्हा अख्खं गाव गोरखचिंचेखाली होतं. सगळे त्याच नावाने हाका मारत होते, आणि लॉरी वळणाला लागेपर्यंत मला ऐकू येत होतं.

परत

वैशू दोन दिवस माझ्याजवळ आली नाही, तिसऱ्या दिवशी गळ्यात पडली ती उतरेना. सासूबाईंना मी तिकडची खवणी आणली होती. त्यांनी बसून बघितली आणि "पाता बरा हा" एवढं म्हटलं, म्हणजे पसंत पडली. यांना चटई. चाळीला काजू. टोपी तेवढी मी बाहेर काढली नाही. पिशवीतून काढून, कुणी बघत नाही असं बघून, ट्रंकेच्या तळाशी त्या फोटोवर ठेवून दिली. इतकं सगळं ऐकून, रडून आले आणि घरी येऊन तेच केलं जे सगळ्यांनी केलं होतं. माझाच मला राग आला, पण तोंड उघडेना.

आणि मग ती तगमग सुरू झाली. प्रसूतिगृहात "सिस्टर", चाळीत "वैशूची आई", घरात "अगं". सगळ्या हाका माझ्याच, सगळ्या मायेच्या. पण संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना वाटायचं, आज दिवसभरात कुणी विचारलं नाही, नंदूची काय खबर. तिकडे असताना मला वैशूची, घराची आठवण यायची. इकडे आल्यावर कळलं की मी पोराला तिकडे ठेवून आले.

परवाचीच गोष्ट. रविवार नव्हता, पण माझी सुट्टी होती. मी आत भाकऱ्या करत होते. सासूबाई दारात नव्या खवणीवर नारळ खवत होत्या आणि वैशू पडलेला कीस तोंडात टाकत होती. पोस्टमन आला. आमचा जुना पोस्टमन बदलून गेलाय, हा नवा, तरणा. हातात परदेशी तिकिटाचं पाकीट. तो पाकिटाकडे बघत मधल्या पॅसेजमध्ये उभा राहिला आणि खणखणीत ओरडला, "मामा नंदू कोण आहे इथे? ओ, नंदू! नंदू कोण?"

आठ बिऱ्हाडांचा पॅसेज. परबकाकूंचा चालू असलेला रेडिओ कुणीतरी बंद केला. समोरच्या दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलेना. माझे हात पिठात. मला उठता येईना, की उठवेना, देव जाणे.

"असं कोणी नसेल तर परत पाठवतो," पोस्टमन म्हणाला.

खवणीचा आवाज थांबला. सासूबाई उठल्या. गुडघे कुरकुरतात त्यांचे, वेळ लागतो त्यांना. पदराला हात पुसले आणि पोस्टमनच्या हातातून पाकीट जवळजवळ ओढूनच घेतलं.

"परत कित्याक धाडतंस? हयंच रवता ती," त्या म्हणाल्या, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "नंदूची आवस हयंच रवता. माझो नातू तो."

पोस्टमन बिचारा गोंधळून पुढच्या दाराला गेला. सासूबाई आत आल्या, पाकीट माझ्या पिठाच्या हातात दिलं आणि चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. वैशू एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"आजी, नंदू कोण?" तिने विचारलं.

सासूबाईंनी डोळे पुसले, खाली बसल्या आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. "ये, सांगतंय," म्हणाल्या. "तुझो मोठो भाव."

मी तवा उतरवला, हात धुतले आणि ट्रंकेतली टोपी आणायला गेले.